गावात, नाक्यावर, स्टेशनला

आमचे एक स्नेही चाळीस वर्षे पुण्यात कोथरूडला राहिले आणि निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीच्या सोयीने अंबरनाथ पूर्वेच्या पालेगावात एका उंच इमारतीत राहावयास आले. आल्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी पायात चपला सरकवून ते सवयीने म्हणाले, "जरा गावात जाऊन येतो." चष्म्याची दांडी बसवून घ्यावी, भाजी पाहावी, जमल्यास कुठे बसून चहा घ्यावा, एवढाच बेत. फाटकावरच्या रखवालदाराला त्यांनी वाट विचारली. त्याने 'गाव' हा शब्द ऐकला आणि निमूटपणे इमारतींच्या मागच्या बाजूस हात केला. स्नेही तिकडे गेले. काही कौलारू घरे, काही नवी स्लॅबची, एक देऊळ, एक किराणा मालाचे दुकान आणि ओट्यावर बसून "कुणाकडं आलात?" असे विचारणारी एक म्हातारी, एवढे त्यांना भेटले. गाव होते यात शंका नाही. त्यांना जे गाव हवे होते ते मात्र तेथे नव्हते. ते स्टेशनाजवळ होते, आणि त्याला तेथे कोणी गाव म्हणत नव्हते.

हा प्रसंग त्यांनी आम्हांस हसत सांगितला, आम्हीही हसलो. पण नंतर तो मनातून जाईना. एकाच भाषेच्या दोन माणसांनी, दोघांनीही शुद्ध मराठीत, एकच शब्द वापरला आणि एकाचा हात एका दिशेला गेला, दुसऱ्याचे पाय दुसऱ्या. कोथरूडचा माणूस 'गावात जातो' म्हणतो तेव्हा तो पेठांकडे, मंडईकडे, लक्ष्मी रस्त्याकडे निघालेला असतो. त्या 'गावात' एक जुना मान आहे, आपण राहतो ते उपनगर आणि ते खरे पुणे, अशी कबुली आहे. पालेगावच्या नव्या इमारतींतून 'गावात' म्हटले की त्यात, बोलणाऱ्याच्या मनात नसला तरी शब्दाच्या अंगी, थोडा नाकाला रुमाल असतो. तेथे गाव म्हणजे जे इमारतींच्या आधी होते ते, राहून गेलेले.

नगररचनेच्या पुस्तकांत, वृत्तपत्रांत आणि अनुवादांत आपण हल्ली ज्याला 'शहराचे केंद्र' म्हणतो, ते मराठी माणूस बोलताना कधीच म्हणत नाही, ही आमची पहिली तक्रार. "शहराच्या केंद्रात जाऊन कोथिंबीर आणतो" असे वाक्य कोणत्याही घरात कोणी उच्चारले असेल असे आम्हांस वाटत नाही. शब्द वाईट नाही. त्याची कुळकथा तर मोठी रंजक आहे. 'केंद्र' संस्कृतात आला तो ज्योतिषाच्या वाटेने, ग्रीकांकडून. होरा, पणफर, आपोक्लिम ही त्याचीच भावंडे. मूळ ग्रीक 'केंत्रोन' म्हणजे टोचणारे टोक, बैलाला टोचावयाच्या पराणीची आर. मग वर्तुळ काढताना कंपासाचे जे टोक रोवून ठेवतात ते. म्हणजे 'केंद्र' म्हणताना आपण नकळत एक कल्पना स्वीकारतो: कोणीतरी आधी एक टोक रोवले आणि मग त्याच्याभोवती शहर गोल फिरवून काढले. आमच्याकडच्या ज्योतिषांनी मात्र या शब्दाची गंमत केली. कुंडलीत केंद्रस्थाने चार असतात: पहिले, चौथे, सातवे, दहावे. ज्या भाषांनी केंद्र एक मानले त्यांच्यापेक्षा आमच्या जोशीबुवांना उल्हासनगर अधिक लवकर समजले असते. पण तिकडे पुढे येऊ.

मग मराठी काय म्हणते? आमचे निरीक्षण असे, की मराठी बहुधा केंद्राला नाम देतच नाही. ती दोन गोष्टी करते. एक म्हणजे 'भर' हे अक्षरयुग्म लावते: भरचौकात, भरबाजारात, भरवस्तीत, भरपेठेत. हाच 'भर' दुपारीला लागतो, सभेला लागतो, पावसाला लागतो. तेथे टोक नाही, त्रिज्या नाही, भरलेपण आहे. जेथे सर्वांत जास्त माणसे आहेत आणि म्हणून सर्वांत जास्त डोळे आहेत, ती जागा मध्यावर आहे. एखाद्याचा अपमान 'भरचौकात' झाला असे म्हणतो तेव्हा तो चौक नकाशाच्या मध्यावर होता की नाही, हे कोणी विचारत नाही. साक्षीदार होते, एवढेच पुरे असते. सत्कारापेक्षा अपमानाच्या आणि खुनाच्याच वाक्यांत हा 'भर' अधिक वेळा येतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्या भाषेने चौकाला शोभेपेक्षा साक्षीचे काम अधिक दिले आहे.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे आणि हा लेख मुख्यतः तिच्याचसाठी. मराठी केंद्र सांगते ते विभक्तीने किंवा शब्दयोगीने. गावात, पेठेत, चौकात. पारावर, चावडीवर, नाक्यावर, तिठ्यावर. स्टेशनला. मोरो केशव दामल्यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून (१९११) आपल्याकडे विभक्तीची चर्चा भरपूर झाली. प्रत्यय किती, सप्तमी खरी कोणती, शब्दयोगी कोणास म्हणावे, हे वाद विद्यार्थ्यांना पाठ असतात. पण एकाच गावातल्या वेगवेगळ्या जागांना मराठी माणूस वेगवेगळी शेपटे का लावतो, हे वर्गात क्वचितच विचारले जाते. 'त' लावला की माणूस आत आहे: जागेला कड आहे आणि तो त्या कडेच्या आतला आहे. 'वर' लावले की तो उभा आहे किंवा बसला आहे. रिकामा आहे, पाहतो आहे, त्याला पाहिले जात आहे. 'ला' लावला की त्याला काम आहे. तो जाईल आणि परत येईल.

नियम म्हणून आम्ही हे मांडत नाही. "पुण्यात राहतो" आणि "पुण्याला राहतो" ही दोन्ही वाक्ये चालतात, आणि कोणी हुशार विद्यार्थी आम्हांस दहा अपवाद सांगेल. तरीही कान देऊन ऐकावे. "गाडी स्टेशनात शिरली", "स्टेशनवर भेटू" आणि "स्टेशनला जाऊन भाजी आणते" या तीन वाक्यांतले स्टेशन एक नाही. पहिल्यात इमारत आहे, दुसऱ्यात फलाट आहे, आणि तिसऱ्यात रेल्वेचा काही संबंधच नाही. तिसरे स्टेशन म्हणजे बाजार, औषधांची दुकाने, दागिन्यांची पेढी, शिकवणीवर्ग, रिक्षांची रांग. म्हणजे पुणेकर ज्याला 'गावात' म्हणतो ते सगळे. कल्याणच्या पुढच्या साऱ्या वस्त्यांत केंद्राचा शब्द हाच आहे, आणि त्याचा प्रत्यय 'ला' आहे.

जपानी भाषेत यासाठी एक स्वतंत्र शब्द आहे: 'एकिमाए', शब्दशः 'स्टेशनपुढचे'. स्टेशनासमोरच्या दुकाने-उपाहारगृहांच्या जागेला तो सरळ लावतात, आणि कितीतरी जपानी गावांत तोच गावाचा मध्य असतो. इंग्रजीचा 'डाउनटाउन' अमेरिकेतला, न्यूयॉर्कमधला. मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला जुनी वस्ती, शहर उत्तरेकडे सरकत गेले, म्हणून जुने ते खालचे. नंतर हा शब्द ज्या शहरांत ना वर आहे ना खाली, तेथेही जाऊन बसला. मराठी अनुवादक त्याचे 'शहराचा मध्यवर्ती भाग' करतात आणि वाक्य मरते. 'गावात' करून पाहावे. निदान एखाद्या कथेत ते जिवंत होईल. कन्नडमध्ये 'पेटे' म्हणजे बाजारही आणि शहरही. खेड्यातला माणूस पेटेला जातो म्हणजे शहराला जातो. आपली 'पेठ' याच घराण्यातली. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. अरबीत मदिना म्हणजे शहर. पण मोरोक्कोतल्या फेस किंवा माराकेशसारख्या शहरांत 'मदिना' म्हटले की तटाच्या आतले जुने शहर तेवढे. लंडनमध्ये नुसते 'सिटी' म्हटले की चौरस मैलभराचा पेढ्यांचा भाग. एकदा का शहर पसरले की मूळ शब्द सगळ्या शहराला पुरत नाही. तो आक्रसून जुन्या गाभ्याला चिकटून राहतो. कोथरूडकराच्या 'गावात'चे तेच झाले आहे. आणि विभक्तीबद्दल बोलायचे तर इस्तंबूलला पर्याय नाही. बहुतेक अभ्यासक त्या नावाची व्युत्पत्ती ग्रीक 'इस तिन पोलिन' या शब्दांत पाहतात. अर्थ 'नगरात', 'नगराकडे'. म्हणजे त्या महानगराचे आजचे नाव, मराठीत नेऊन ठेवले तर, 'गावात' असे आहे.

असो. 'गावात'ला एक सख्खा भाऊ आहे, त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो म्हणजे 'गावी'. जुन्या सप्तमीचा हा 'ई' आता मोजक्या शब्दांत उरला आहे: घरी, दारी, माहेरी, गावी. "गावात जातो" म्हणजे बाजारात जातो. "गावी जातो" म्हणजे कोकणात, साताऱ्याला, खानदेशात, जेथे आजा-पणजाचे घर आहे तेथे जातो. बदलापूर-अंबरनाथच्या नव्या इमारतींत राहणाऱ्या बहुसंख्य मराठी कुटुंबांना 'गावी' आहे आणि 'गावात' नाही. त्यांचा मध्य शंभर-दोनशे मैल दूर आहे. गणपतीला आणि मे महिन्यात ते तेथे जाऊन येतात. पालेगावच्या मागच्या ओट्यावरच्या त्या म्हातारीचे नेमके उलटे आहे. तिला 'गावात' आहे आणि 'गावी' जावयास कोठेच जागा नाही; कारण ती तेथेच आहे, गावच तिच्या भोवतीने निघून चालले आहे. या परिसरातल्या आगरी-कुणबी घरांचे दुःख जमिनीच्या भावात मोजले जाते. ते एका प्रत्ययातही मोजता येईल असे आम्हांस वाटते.

'नाका' हा शब्द ठाणे जिल्ह्याचा लाडका. नाका मुळात कडेचा शब्द आहे. जेथे गाव संपते, जेथे माल अडवून जकात घ्यावयाची, ते ठिकाण. वेस, दरवाजा, नाका ही सगळी कडेची माणसे. पण गाव पसरत गेले आणि कडेचे नाके मध्यावर आले. ठाण्याचा जांभळी नाका आज भरबाजारात आहे. कल्याणच्या जुन्या वस्तीत पारनाका आहे. त्याच्या नावात एक पार आहे आणि एक नाका, म्हणजे एक शब्द बसण्याचा आणि एक अडवण्याचा, दोघेही 'वर' घेणारे. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर आल्याबरोबर संपली, पण नाके कोणी उठवले नाहीत. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'ने (१९६५) जी खळबळ उडवली ती भाषेमुळे आणि विषयामुळे, हे सर्वांस ठाऊक आहे. पण शीर्षकातला 'नाका' आम्हांस आज अधिक बोलका वाटतो. त्या पोरांना शहराचा मध्य म्हणून जे काही मिळाले ते एवढेच: उभे राहण्याची एक कड. आजही सकाळी सात वाजता एखाद्या उपनगरातल्या नाक्यावर गवंडी, बिगारी, रंगारी थापी-डबे घेऊन उभे असतात. त्यांना सरकारी भाषेतही 'नाका कामगार' म्हणतात. शहराच्या मध्याशी त्यांचा संबंध 'वर'चा आहे. नऊ-दहापर्यंत कोणी नेले नाही तर ते नाक्यावरून परत जातात. 'नाक्यातून' असे मराठीत म्हणताच येत नाही.

अंबरनाथ पश्चिमेला विम्को नाका आहे. काड्यापेट्यांचा तो कारखाना बंद पडला. नाव चौरस्त्यावर राहिले. मुंबईत काळा घोडा १९६५ साली हलवला, तरी माणसे त्या रिकाम्या जागेला काळा घोडा म्हणत राहिली, कोलटकरांच्या २००४ सालच्या संग्रहापर्यंत आणि त्यानंतरही. २०१७ साली तेथे पुन्हा एक घोडा आणून उभा केला, स्वाराविना. मूळ वस्तू गेल्यावर उरलेले नाव हे मध्याचे एक खात्रीचे लक्षण आहे. मध्य म्हणजे जी जागा माणसे पत्ता सांगण्यासाठी वापरतात आणि जिचा पत्ता कोणी विचारत नाही.

उल्हासनगरचा मामला वेगळा आणि खोल. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेले लाखभर निर्वासित तेथल्या बराकींत उतरले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचे उल्हासनगर झाले. नाव नदीवरून आले. पण आतले सगळे आकड्यांत राहिले. कॅम्प एक ते कॅम्प पाच, आणि त्यांच्या आत सेक्शन. रिक्षावाला आजही "चार नंबर, पाच नंबर" असे पुकारतो. पुण्यातही 'कॅम्प' आहे. पण तेथे 'कॅम्पात जातो' म्हणताना माणूस जरा बरा सदरा घालतो. एकच इंग्रजी शब्द, लष्करापासूनच आलेला. पुण्यात त्याने 'त' घेतला आणि ऐट मिळवली, उल्हासनगरात त्याने अंक घेतला.

जे सिंधी तेथे आले त्यांच्या मनात मध्याची कल्पना नव्हती असे मुळीच नाही. हैदराबाद-सिंधचा शाही बाजार किल्ल्यापासून निघून घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत एका लांबलचक गल्लीसारखा जातो; शहर त्याच्या दोन्ही बाजूंना फांद्यांसारखे फुटलेले. शिकारपूरचा ढक बाजार वरून झाकलेला, उन्हात शहराला सावली देणारा. म्हणजे त्यांचा मध्य हा बिंदू नव्हता, रेघ होती. बराकींच्या चौकटीत ही रेघ मावणार नव्हती. मग त्यांनी ती तोडून तुकड्यातुकड्यांनी पुन्हा मांडली: गजानन मार्केट, जपानी बाजार, फर्निचर बाजार. एका शहराला एक मध्य असावा असा नियम मानला तर उल्हासनगर हे शहरच नव्हे. जोशीबुवांच्या कुंडलीचा नियम मानला तर त्याच्याइतके नीट शहर नाही. आम्ही जोशीबुवांच्या बाजूचे. बाहेरचे लोक उल्हासनगराला बेढब म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा एवढेच म्हणावयाचे असते, की येथे उभे राहून छायाचित्र कोठे काढावे हे कळत नाही.

अंबरनाथला ती अडचण नाही. पूर्वेला वालधुनीच्या काठी शिवमंदिर आहे. शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख त्यात आहे, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळचा. या मंदिराचा गाभारा मंडपाहून खाली आहे, पायऱ्या उतरून जावे लागते, आणि वर शिखर नसल्याने डोक्यावर उघडे आकाश आहे. वास्तुशास्त्रात मध्यभागाला ब्रह्मस्थान म्हणतात आणि तो मोकळा ठेवावा असे सांगतात. जुन्या वाड्यांचा चौक हे त्याचेच घरगुती रूप. रोलाँ बार्थने १९७०च्या आपल्या जपानवरील पुस्तकात टोकियोबद्दल हेच निराळ्या रीतीने म्हटले: या शहराला मध्य आहे, पण तो रिकामा आहे, राजवाड्याच्या भोवतीने सारी वाहतूक वळसा घालते. आमच्या टीकाकारांनी हे वाक्य फार वापरले, आणि बहुतेक वेळा स्वतःच्या गावाकडे न पाहता वापरले. नऊशे-साडेनऊशे वर्षांचे असे देऊळ ज्या गावात आहे त्या गावाने त्याला आपला मध्य केले असते तर नवल नव्हते. पण १८५६ साली रेल्वे कल्याणहून खोपोलीपर्यंत गेली आणि मध्य रुळांकडे सरकला. महाशिवरात्रीच्या दिवशी, जत्रेच्या गर्दीत, तो एक दिवसापुरता देवळाकडे परत येतो. एरवी देऊळ 'देवळाकडे' आहे. 'कडे' हाही पाहण्यासारखा शब्द. जे आपल्या वाटेवर नाही, त्याच्या 'कडे' जावे लागते.

रेल्वेने आणखी एक केले. तिने गावाला मध्य दिला आणि त्याच फटक्यात त्याचे दोन तुकडे केले. पूर्व आणि पश्चिम या दिशा राहिल्या नाहीत, त्या आडनावांसारख्या झाल्या. "तुम्ही ईस्टचे की वेस्टचे?" रुळांपलीकडच्या अर्ध्या गावाला नुसते 'पलीकडे' म्हणतात, तेथे दहा-दहा वर्षे न गेलेली माणसे आम्हांस माहीत आहेत. बदलापूरचे तर नावच रुळांनी उचलून नेले. स्थानक उभे राहिले कुळगावात, त्याला नाव दिले बदलापूर. मूळ बदलापूर पश्चिमेला दूर राहिले आणि त्याला आता 'बदलापूर गाव' असे शेपूट लावून ओळखावे लागते. नगरपरिषदेच्या नावातल्या 'कुळगाव-बदलापूर' या जोडरेघेत हा सारा इतिहास आहे. ही गावे १९८३ साली कल्याणच्या महापालिकेत गेली आणि १९९२ साली अंबरनाथबरोबर पुन्हा वेगळी झाली. त्या नऊ वर्षांत त्यांचा मध्य कागदोपत्री कल्याणला होता. बोलण्यात तेव्हाही तो 'स्टेशनला'च होता.

प्रत्ययांचा हा खेळ केवळ व्याकरणाचा असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. २० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापुरात लोक जमले. दोन लहान मुलींवर शाळेत झालेल्या अत्याचाराने गाव संतापले होते. आधी शाळेपुढे गर्दी झाली, आणि मग लोक स्टेशनात शिरले आणि रुळांवर उतरले. कित्येक तास गाड्या बंद राहिल्या. त्या दिवसाच्या राजकारणाबद्दल, पोलिसांबद्दल, पुढे काय झाले त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले. आम्हांस येथे एकच गोष्ट नोंदवावयाची आहे. ज्या गावाला आपला राग 'भरचौकात' मांडावयाचा होता त्याला चौक सापडला नाही. त्याच्याजवळ सर्वांना ठाऊक असलेली, सर्वांना साक्षी ठेवू शकणारी, मुंबईला ऐकू जाईल अशी एकच जागा होती, आणि ती बसण्याची किंवा उभे राहण्याची जागा नव्हती. ती गाड्यांची होती. रोज 'स्टेशनला' म्हणणारी माणसे त्या दिवशी 'रुळांवर' होती. चावडीवर, पारावर, नाक्यावर या मालिकेतला हा नवा शब्द आम्हांस फार अस्वस्थ करतो.

आणि याच काळात जाहिरातींतून, फलकांवरून 'सिटी सेंटर' नावाच्या इमारती उभ्या राहत आहेत. कल्याण-शीळ परिसरातल्या दहा गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने 'विकास केंद्र' आखले. पराणीची आर पुन्हा एकदा नकाशावर टोचली गेली. विरोध आम्ही इमारतींना करीत नाही. लोकांना घरे हवीत, आणि दादर-परळच्या भावात ती मिळत नाहीत, हे आम्हांसही समजते. आमच्यापैकी दोघे याच मार्गावर राहतात. पण ज्या 'सेंटर'च्या दारात पिशवी तपासतात, जेथे काही विकत न घेता बसता येत नाही, जेथे रात्री दहाला दिवे मालवतात, त्याला 'भर' लावून पाहावा. "भर सिटी सेंटरात" हे वाक्य जिभेवर उभे राहत नाही. नगररचनाकारांनी विकास आराखडा करताना जमिनीच्या वापराचे रंग भरावेतच. त्याबरोबर लोक त्या जागेला कोणता प्रत्यय लावतील, हाही एक रकाना ठेवावा असे आम्ही सुचवितो. 'त' मागून मिळत नाही, त्याला पिढ्या लागतात. पण चार बाकांचा, एका झाडाचा, फाटक नसलेला 'वर' आखून देता येतो. पालेगावच्या म्हातारीच्या ओट्यापासून आणि त्या उंच इमारतींच्या फाटकापासून सारख्याच अंतरावर तो आखला, तर त्या दोघांपैकी कोणाला तेथे पाहुणा व्हावे लागणार नाही.

आमचे स्नेही आता रुळले आहेत. चष्म्याची दांडी त्यांनी स्टेशनला बसवून घेतली. मध्यंतरी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांची सात वर्षांची नात दारात बूट घालत होती. कोठे चाललीस म्हणून विचारले, तर म्हणाली, "खाली." तिच्या साऱ्या मैत्रिणी, घसरगुंडी, भांडणे, वाढदिवस, सगळे 'खाली' असते. न्यूयॉर्ककरांच्या डाउनटाउनइतकाच हा अस्सल शब्द आहे, आणि त्याला कोणतेही वेगळे शेपूट लावावे लागत नाही. 'खाली'चा दुसरा अर्थ तिला अजून ठाऊक नाही. उद्वाहकाचे दार उघडले, ती आत शिरली, आणि आजोबा मागून ओरडले, "फाटकाच्या बाहेर जाऊ नकोस गं."